‘हे तुम्हीच आहात का?’

पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर बरेच मोठे गुन्हे विसरून गेलो; ही एक साधी तक्रार मात्र आजही डोळ्यांसमोर आहे.

सोलापुरातल्या आमच्या ठाण्यात सकाळची हजेरी संपत होती. दुधनी गावातल्या आडत दुकानात काम करणारा एक तरुण अर्ज घेऊन आला.

“काय गेलं?” ठाणे अंमलदाराने विचारले.

“आयडी गेला, साहेब. गेममधला.”

“मग दुसरा काढ की.”

“तसा निघत न्हाय, साहेब. लई वर्षं खेळून तयार झालेला असतो.”

या भागातल्या ऑनलाइन गेम खेळणाऱ्या पोरांचा एक ग्रुप होता. तो वाढत गेला, तशी एकमेकांचे तोंडही न पाहिलेली मुले त्यात तयार आयडी, म्हणजे खेळून वर नेलेली खाती, विकू-घेऊ लागली. म्हणून त्यांनी एक रीत घातली होती. पैसे आधी मध्यस्थाकडे द्यायचे. घेणाऱ्याने पासवर्ड बदलला, की मध्यस्थ ते पुढे देई आणि दोघेही ग्रुपवर ‘व्यवहार चोख’ असे लिहीत. या तरुणाने आयडी असाच विकत घेतला होता आणि तसे लिहिलेही गेले होते. मात्र पंधरवड्यातच दुधनीच्या तरुणाने नव्या फोनवर गेम उघडला, आणि खाते बंद होऊन मूळ मालकाकडे परत गेले. विकणाऱ्याचा फोटो ‘ठग’ म्हणून ग्रुपवर फिरू लागला.

विकणाऱ्याची खबर मध्यस्थानेच दिली. तो कुंभारी गावचा, पोलीस भरतीची तयारी करणारा. हवालदारांनी त्याला मैदानावरून आणले, तेव्हा त्याच्या पायात धावण्याचे बूट होते. गुन्हा दाखल झाला असता, तर चारित्र्य पडताळणीत त्याची भरती तिथेच अडली असती. हे त्यालाही ठाऊक होते.

“आयडी परत कुणी ओढला?”

“मी न्हाय, साहेब. अभ्यास होईना म्हणून तर इकला. परत कशाला घेऊ?”

दुपारपर्यंत त्याने हेच सांगितले. खोटे बोलणारा सहसा तपशील वाढवत जातो. याने एक शब्द वाढवला नाही. तेवढ्यात सायबर शाखेकडून माहिती आली, की खाते पहिल्या नोंदणीच्या मोबाइल नंबरवरून परत घेतले गेले आहे. मी नंबर वाचून दाखवला.

“हा कुणाचा?”

पोरगा एकदम म्हणाला, “मीच केलं, साहेब. घ्या लिहून.”

सकाळपासून नाकारणारा माणूस नंबर ऐकताच कबुली देतो, तेव्हा तो दुसऱ्या कुणाला तरी वाचवत असतो. मी कबुली लिहून घेतली नाही.

“वडिलांचा नंबर?”

त्याचे डोळे भरले. “त्यांना हितं बोलवू नका, साहेब. ठाण्याची पायरी कधी चढलं न्हाईत ते.”

शाळेत असताना त्याने आयडी उघडला, तेव्हा घरात फोन एकच होता, वडिलांचा. विकताना तो नंबर काढायचा राहून गेला होता.

वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला होते. सायकलवरून आले. केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू होते.

“फोनवर काही निरोप आला होता का?”

“आला की, साहेब. नव्या फोनवरून कोणतरी खात्यात आलंय, हे तुम्हीच आहात का, असा. पोराच्या गेमचं नाव वळखलं आन् ‘नाही’ दाबलं.”

“का?”

“पोरगं तर माज्यासमोर जेवत बसलं व्हतं. मग चोरच की तो.” मग माझ्याकडे बघून ते म्हणाले, “तुमीच आमच्या कारखान्यात येऊन सांगितलं व्हतं न्हवं? अनोळखी कोण आत आलं तर लगेच ‘नाही’ दाबा म्हणून.”

सायबर जागृतीचे ते भाषण माझेच होते. हवालदार खिडकीबाहेर पाहू लागले.

“आप्पा, मला सांगितलं का न्हाय?”

“तुजी भरती जवळ आलीया. डोक्याला तरास कशाला? तुजं हाय ते राखलं.”

“मी इकला व्हता तो, आप्पा. तुमीच म्हणायचा की, गेम सोड म्हणून.”

“सोड म्हणायचो. इक कुटं म्हणलो?”

बाकावर बसलेला दुधनीचा तरुण हे ऐकत होता. तो उठला आणि अर्ज मागे घेतो म्हणाला. पण आधी त्याने ग्रुपवर लिहिले, ‘माणूस खरा आहे, चूक झाली होती,’ आणि मध्यस्थाला तो ‘ठग’ फोटो ग्रुपवरून काढून टाकायला लावला. मग दोघा पोरांनी खाते पुन्हा दुधनीच्या तरुणाकडे द्यायला घेतले. वडिलांच्या फोनवर तोच प्रश्न आला.

“साहेब, आता ‘हो’ दाबू का?”

“मला नको, त्याला विचारा,” मी म्हणालो.

पोराने मान डोलावली. वडिलांनी ‘हो’वर बोट टेकवले आणि दुधनीच्या तरुणाकडे वळले. “नीट संभाळ, बाबा. बारका असल्यापासनं त्याच्यापाशी हाय.”

नोकरीत असताना मी संशयावर काम केले आणि लोकांनाही संशय घ्यायला शिकवले. त्या दिवशी कळले, की अनोळखी पोरांनी एकमेकांसाठी मध्यस्थ नेमला होता. एका ताटात जेवणाऱ्या बापलेकांना मात्र एकमेकांना विचारायचे सुचले नव्हते, आणि तेही मायेपोटी. अजूनही जागृतीच्या कार्यक्रमांना मला बोलावतात. ‘नाही’ दाबा, हे मी सांगतोच. मात्र त्याआधी आता एक वाक्य जोडतो: समोर जेवायला बसलेल्या माणसाला एकदा विचारा.