प्रसादच्या पीएचडीचं सहावं वर्ष

बेंगळूरच्या आमच्या कॉम्प्युटेशनल बायोलॉजीच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं निकाल निघत नाहीत, किस्से मात्र रोज निघतात. कॉम्प्युटरवाले आम्हाला बायोलॉजीवाले समजतात, बायोलॉजीवाले कॉम्प्युटरवाले, आणि कॉफीला दोघंही बोलवत नाहीत. मग आम्ही एकमेकांचीच उणीदुणी काढत बसतो.

बळीचा बकरा बहुतेकदा प्रसाद. माझा सीनियर, सांगलीचा, पीएचडीच्या सहाव्या वर्षात. एक पेपर छापून आला की सुटला, नाही आला की सहा वर्षं पाण्यात.

*

एकदा लॅबमध्ये झुरळ निघालं. आम्ही चार जीवशास्त्रज्ञ खुर्च्यांवर चढलो. आमचे गाइड कदमसर केबिनमधून बाहेर आले. यांचं घराणं पिढ्यानपिढ्या बेंगळूरचं. शांतपणे म्हणाले, "भिता कशाला रे? याचा अख्खा जीनोम आहे की आपल्याकडं."

*

प्रसाद वापरतो तो मूळ कोड एका जुन्या सीनियरने लिहिलेला. तो आता इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आयटी कंपनीत नोकरीला. कोड अडला म्हणून प्रसादने त्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "काय सांगतोस, इतके दिवस चालत होता?"

*

ग्राफ सपाट आला की सर कानडी मिसळून म्हणतात, "सरी, स्वल्प अजून बघ," म्हणजे बरं, थोडं अजून बघ. प्रसादने सहा प्रकारे तपासलं, काही नाही. सातव्यांदा कुठे फरक दिसला. सर खूश. "बघ! डेटात सगळं असतंय, आपण हार मानायची नाही."

मी विचारलं, "आणि आधीचे सहा?"

"तो सराव होता."

*

शेवटी प्रसादचं मॉडेल जमलं. रक्ताच्या नमुन्यावरून माणूस आजारी की धडधाकट, हे ते एकदाही न चुकता सांगायचं. पेपर तयार झाला, घरी पेढे वाटून झाले. तेवढ्यात नमुने तयार करणाऱ्या दोघांपैकी बेळगावच्या रेणुकाक्का सहज बोलून गेल्या, "पेशंटांचं सगळं शिवाअण्णांनी केलंय, चांगल्या माणसांचं मी."

प्रसादचा चेहरा उतरला. मॉडेल आजार ओळखतंय, की कुणाचा हात लागला ते? त्याने स्वतःचंच रक्त दोघांकडे दिलं. अण्णांच्या नळीवर मॉडेल म्हणालं, आजारी. अक्कांच्या नळीवर म्हणालं, ठणठणीत.

दोन्ही कागद घेऊन तो सरांसमोर उभा राहिला. मला पहिल्यांदाच त्याची थट्टा करवेना.

सरांनी चष्मा पुसला, कागद दोनदा वाचले.

"पेपर पाठव," ते म्हणाले. "आणि पुढच्या नमुन्यांतही पेशंट अण्णांकडंच ठेव."