दोन बेटं आणि दोन मिनिटं

निळा, गार, काचेखालचा निळा! सकाळचा चहा घेऊन मी जबलपूरच्या रांझीतल्या आमच्या गच्चीत बसते, फोनवरचा नकाशा बोटांनी मोठा करते, आणि स्कॉटलंडच्या उत्तरेच्या त्या समुद्रातून दोन बेटं वर येतात, ताटात वाढलेल्या चिमूटभर मिठाएवढी. दोन्हींवर एकेक विमानतळ. मधलं अंतर आपल्या रांझी ते अधारताल एवढंही नाही. वारा प्रसन्न असला तर उड्डाण दोन मिनिटांच्या आत संपतं. दोन मिनिटं! तेवढ्यात आमच्या कुकरची शिट्टीसुद्धा होत नाही, आणि तिथे माणूस समुद्र ओलांडून मोकळा!

मला त्या विमानात बसायचं आहे.

हे मी घरात जाहीर केलं तेव्हा आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "काहून? तिथं कोण आहे आपलं?" कोणी नाही. "मग देऊळ आहे काय?" ठाऊक नाही. धाकट्या दिराला तर चेवच आला. "वहिनी, बरगीला चला ना! धरणाच्या पाण्यात टेकड्यांची बेटंच बेटं. होडीवाला भैया फिरवून आणेल, वरून मासे पण भेटतील!" ह्यांनी मग प्रवास मांडला: जबलपूरहून दिल्ली, दिल्लीहून लंडन, तिथून पुढे आणखी विमानं. "दोन मिनिटांसाठी एवढं काहून मरून राहिली तू?"

"अन् तुमच्या मावसभावाच्या लग्नाला दिवसभर गाडीत उभ्याने गेलो होतो," मी म्हणाले, "तेव्हा अक्षता टाकायला किती वेळ लागला होता जी?"

दीर फिसकन हसला. हे नाही हसले.

अंतर आणि वेळ माणसं नेहमी उपयोगाच्या तराजूतच का तोलतात? आजवरचा माझा प्रत्येक प्रवास कोणाच्या तरी बाळंतपणासाठी, बारशासाठी, तेराव्यासाठी झाला. प्रत्येक तिकिटाला सबळ, सर्वमान्य कारण होतं, आणि ते कधीच माझं नव्हतं. या वेळी मान खाली घातली तर पुढे काही मागण्याची सवयच सुटेल, हे मला लख्ख दिसत होतं. गुडघे अजून माझं ऐकतात. उद्याचं कोणी सांगावं? म्हणून कंबरेवर हात ठेवून, आवाज जरा नाटकी चढवून सांगितलं: पासपोर्टला अर्ज केला आहे. येत असाल तर या, नाही तर खिचडी शिकून घ्या.

त्यानंतर काही दिवस गेले. काल संध्याकाळी मेथी निवडता निवडता ह्यांनी मान वर न करता विचारलं, "खिडकी कोणाची?"

एवढ्याशा त्या विमानात प्रत्येकालाच खिडकी मिळते, हे मी केव्हाच वाचून ठेवलं होतं. तरी म्हणाले, "माझी." तो शब्द तोंडात कसा लागतो, ते एकदा बघायचं होतं.