सकाळी विचारलेला अवघड प्रश्न

कारखान्यातली नोकरी गेल्यावर आज ह्यांची नागपूरला पहिली मुलाखत होती. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून म्हणाले, "तू साहेब हो, मले प्रश्न विचार."

मी पोळ्या लाटतच सुरू केलं.

"लाटणं ठेव ना. साहेब पोळ्या लाटते का?"

मग खुर्चीवर बसून, इतके महिने टाळलेलं विचारलं, "पहिली नोकरी काहून सोडली?"

"सोडली नाही, मॅडम. माणसं कमी केली, त्यात मी होतो. पण काम मले पक्कं येते." त्यांचा आवाज कापला.

उगाच विचारलं, असं दिवसभर वाटत राहिलं.

संध्याकाळी परतताना आमच्या वरठी स्टेशनवर उतरल्यावर त्यांचा फोन आला. "पहिले तोच प्रश्न आला."

"मग?"

"तुले सांगितलं तेच सांगितलं. आवाज नाही कापला."

निकाल यायचा आहे. तुम्ही आपल्या माणसाला हे विचारलं असतं का?