मागची डेग

समजा, पळी तुमच्या हातात आहे. समोर पंगत बसलीय, ताटात रिकाम्या वाट्या, आणि तुमच्या बादलीत पांढरा रस्सा. पहिल्या वाटीत किती घालायचा ते तुम्ही ठरवायचं. भरून घातला तर पाहुणा खूश. पण या पंगतीमागं दुसरी आहे, तिच्यामागं तिसरी, आणि शेवटच्या पंगतीला कोण बसणार ते तुम्हाला ठाऊक नाही. हात आखडता घेतला, तर पहिल्याच माणसाच्या कपाळाला आठी पडणार. आता सांगा, पळी किती बुडवाल?

शेवंताबाईंना हा विचार कधी करावाच लागला नाही. त्यांचं उत्तर लहानपणीच ठरून गेलं होतं. त्यांच्या वस्तीनं धम्म स्वीकारण्याच्या आधीची गोष्ट. गावजेवण होतं. वस्तीतली माणसं सगळ्यांची जेवणं झाल्यावर, कुंपणाच्या कडेला बसली होती. शेवंता आईला चिकटून बसलेली. वाढपी आला, त्यानं भांड्यात पळी घातली, आणि पळी तळाला घासली. खर्र. बाकी त्या जेवणातलं काही म्हणजे काही त्यांना आठवत नव्हतं. हा आवाज मात्र जन्मभर कानात राहिला.

नव्वद सालाच्या आसपास नवरा वारला. पोटी मूलबाळ नव्हतं. मंगळवार पेठेतल्या एका खोलीत राहून शेवंताबाईंनी जावळाच्या जेवणांची कामं धरली. सोबतीला अंबूबाई, आणखी चार बायका, आणि रश्श्याची मोठी भांडी, त्या डेगा, उचलायला ज्ञानू. आधी आपल्याच माणसांची कामं मिळाली. मग चव तोंडोतोंडी झाली आणि इतरही लोक बोलवायला लागले. शेवंताबाईंच्या जेवणातनं शेवटचा माणूससुद्धा उपाशी उठत नाही, असं लोक म्हणायचे, आणि ते खरंही होतं. कारण होती मागची डेग.

रस्सा उतरला की सगळ्यात आधी एक डेग गळ्यापर्यंत भरायची. वर झाकण, झाकणावर ओलं पोतं. ती भिंतीला लावायची आणि तिच्यापुढं स्वतः शेवंताबाई पाट टाकून बसायच्या. शेवटची पंगत बसल्याशिवाय त्या डेगेला कुणी हात लावायचा नाही. पुढं बादल्या रिकाम्या झाल्या, कुणी आणखी मागितलं, तरी सांगायचं ठरलेलं होतं: संपलं.

पाटावर बसलेल्या या बाईच्या मनात अशी भीती असेल, असं कुणाला वाटलं नसतं. आवाज मोठा, नजर धारदार. पण त्या सगळंच असं झाकून ठेवायच्या. मसाला घरी, दार लावून वाटायच्या आणि बांधून आणायच्या. त्यात काय किती, हे अंबूबाईलाही कधी कळलं नाही. वाढणाऱ्यांना एकच हुकूम असायचा, अर्धी पळी. कोण किती जेवतंय ते बघून हात सैल सोडायची मुभा कुणाला नव्हती.

भावाची मुलगी दीक्षा दहावीनंतर त्यांच्या हाताखाली आली. हुशार, तोंडाळ, कामाला वाघीण. आपल्यामागं हिनंच हे सांभाळायचं, असं शेवंताबाईंनी मनात पक्कं केलं होतं. तिला तसं बोलून मात्र कधी दाखवलं नाही.

"आत्ती, मसाला शिकवा की मला," दीक्षा म्हणायची.

"शिकशील की. मी काय लगेच मरतोय व्हय?"

"मरायच्या आधीच शिकवायचं असतंय."

बायका हसायच्या. शेवंताबाईही हसायच्या आणि मसाल्याची पिशवी मांडीखाली सरकवायच्या.

दोन हजार तीनच्या मे महिन्यात बिद्रीचं काम आलं. साखर कारखान्यात कारकून असलेले बाबासो, त्यांच्या नातवाचं जावळ. अर्धा कारखाना जेवायला लोटला होता. मांडवावर पत्रा आणि पत्र्यावर ऊन. शेवंताबाईंनी नेहमीसारखी डेग भरली, झाकली, पोतं टाकलं, आणि उकाडा फार म्हणून आणखी एक पोतं टाकलं. चूक झाली ती तिथं. गरम रश्श्याच्या वाफेचं झाकणाला लागून पाणी होतं आणि परत आत ठिबकतं. दोन पोत्यांखाली डेग निवेना. पांढऱ्या रश्श्यातल्या नारळाच्या दुधाला आंबायला तेवढं पुरतं. याआधी मेमधली कामं कधी एवढी लांबली नव्हती, म्हणून ते कळलंही नव्हतं.

मधल्या पंगतीला लोक रस्सा मागायला लागले. दीक्षा रिकामी बादली घेऊन आत आली.

"आत्ती, उघडा. लोकं वाट्या वाजवायल्यात."

"संपलं म्हणून सांग."

"बाबासोंची म्हातारी आई मागतीया. भात कोरडा पडलाय तिचा."

"संपलं म्हणून सांगिटलं न्हवं? मागं अजून दोन पंगती हायत."

दीक्षानं एकदा डेगेकडं बघितलं, एकदा आत्याकडं. मग बाहेर जाऊन म्हातारीला सांगितलं, संपलं.

शेवटच्या पंगतीला गाड्यांचे ड्रायव्हर बसले होते, मांडववाले होते, आणि कारखान्याची झाडलोट करणारी माणसं होती. शेवंताबाई स्वतः उठल्या. पोती काढली, झाकण उचललं. आंबूस वास आला. रस्सा फाटून वर पाणी आणि खाली चोथा झाला होता. ज्ञानूनं तोंड फिरवलं. त्या पंगतीनं भाकरी, सुकं मटण आणि कांद्यावर भागवलं. मग हात झटकून सगळे उठले. त्यांना असं उठायची सवय असावी.

परतीच्या टेंपोत दीक्षा डेगेला टेकून बसली होती. डेग ओतून टाकली होती, तरी वास जात नव्हता.

"मधल्यांस्नी मिळालं न्हाय, शेवटच्यांस्नी मिळालं न्हाय. मग ठेवलं कुणासाठी, आत्ती?"

"तुला न्हाय कळायचं."

"व्हय. सांगिटल्याशिवाय कसं कळंल? तुम्ही रस्सा झाकतायसा, मसाला झाकतायसा. आमच्यावर तर कवा इस्वास टाकलायसा?"

अंबूबाई मध्ये पडली, "अगं शेवंते, पोरगी चुकीचं बोलत न्हाय."

कुंपणाकडेच्या त्या पंगतीबद्दल सांगायची हीच वेळ होती. शेवंताबाईंच्या ओठावर आलंही होतं. पण तेही त्यांनी झाकूनच ठेवलं.

पावसाळ्याआधी दीक्षानं राजारामपुरीत आपलं वेगळं काम सुरू केलं. एकेक करून बायका तिकडं गेल्या, ज्ञानूही गेला. अंबूबाई तेवढी थोडे दिवस येत राहिली. मग गुडघे धरले म्हणून ती लेकीकडं गेली. एकटीच्यानं जावळाचं जेवण होत नाही. डेगा कोपऱ्यात उपड्या पडल्या आणि त्यांच्यावर वाळत घातलेले कपडे दिसायला लागले. शेवंताबाई संध्याकाळी दोन भाकऱ्या करायच्या. एक खायच्या, एक झाकून ठेवायच्या. यायचं कुणीच नसायचं. सकाळी तीच शिळी भाकरी चहात बुडवून खायच्या. दुपारभर शेजारच्या टीव्हीचा आवाज भिंतीतून यायचा. तो बंद झाला की आपली दुपार संपली, एवढं त्यांना कळायचं.

दोन वर्षांनी दीक्षाकडून निरोप आला. राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये मोठं काम आहे, जेवायला या. शेवंताबाई गेल्या आणि मुद्दाम शेवटच्या पंगतीसाठी थांबल्या. त्यांना एकच बघायचं होतं, इथपर्यंत पोचतंय का.

आधीच्या पंगतींना वाढणाऱ्या पोरी हात सैल सोडून वाढत होत्या. भिंतीकडं झाकलेलं काही नव्हतं. शेवंताबाईंनी दोनदा मान वळवून खात्री केली. आणि शेवटच्या पंगतीला, अर्ध्यावर, पांढरा रस्सा संपला. शेवंताबाईंच्या आधी चार ताटांवर.

त्यांनी मान खाली घातली. आता तो आवाज येणार.

पण दीक्षा स्वतः बाहेर आली. ज्ञानूच्या मदतीनं तिनं डेग पंगतीपुढं आणली आणि सगळ्यांदेखत उपडी केली.

"पावणं, पांढरा संपला. खोटं सांगत न्हाई, बघून घ्या. आमचा अंदाज चुकला. तांबडा हाय, त्यात अंडी सोडतो. दहा मिनटं बसा."

"आमचा नंबर आला की संपतंयच," एक जण म्हणाला.

"पुढच्या बारीला तुम्हाला पहिल्यांदा बसवतो की."

पंगत हसली. अंडी आली, लोक जेवले, बोटं चाटत उठले.

शेवंताबाई हात धूत असताना दीक्षाची नजर त्यांच्यावर गेली. "आत्ती! शेवटाला कशाला बसलासा? आत यायचं न्हाय व्हय?"

"बघाय आलतो."

"मग? काय बघितलंसा?"

शेवंताबाईंना ती कुंपणाकडेची पंगत सांगायची होती. पण तेवढ्यात आतून कुणीतरी दीक्षाला हाक मारली. बसा, आलोच, असं म्हणत ती गेली. शेवंताबाई थोडा वेळ नळापाशी उभ्या राहिल्या, मग रिक्षाकडं निघाल्या.

खोलीत आल्यावर त्यांनी डेगांवरचे कपडे काढले. एक डेग उचलून उलटी धरली, तळ बघितला, पुन्हा जागेवर ठेवली. आजवर पंगतीला कुणाला भांड्याचा तळ त्यांनी दाखवला नव्हता. त्यांनाही कुणी दाखवला नव्हता, फक्त आवाज ऐकवला होता. बिद्रीत त्या म्हातारीलाही नुसतं 'संपलं' एवढंच ऐकायला मिळालं, आणि डेग मागं भरलेली होती.

तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरते. सांगू शकेल असं आता कुणी उरलेलं नाही. गावातला तो वाढपी कुंपणाकडेला पळी घासत होता, तेव्हा त्याच्याही मागं, भिंतीला लावून, कुणीतरी झाकून ठेवलेली एक डेग होती का?