रिकाम्या टाकीलाही ऊन लागतं

मे महिन्यात उघड्यावर पडलेली पाणबुड्याची हवेची टाकी एकदा नुसत्या हाताने उचलून बघा, म्हणजे मी दुपारची एवढी का करवादते ते कळेल. मी पिपलानीच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढले आणि आता तलावावरच्या शोधपथकाच्या टाक्यांत हवा भरते. घरच्यांना हे काम अजून पटलेलं नाही. न पटू दे.

त्या दिवशी एक तरुण बुडाला होता. सकाळपासून शोध चालू होता. संपलेल्या टाक्या ड्रायव्हरने जीपच्या मागे उन्हात टाकून आणल्या. वर मलाच म्हणतो, "मैडम, खाली ही तो हैं, इनको क्या धूप लगेगी?"

मी कपाळाला हात लावला. तापलेल्या टाकीत हवा भरली की दाबाचा काटा लगेच पुढे सरकतो आणि टाकी भरली असं वाटतं. टाकी गार पाण्यात उतरली की तोच काटा मागे येतो, हवा कमीच भरलेली निघते. तळाच्या गाळात पाणबुड्याला स्वतःचा हात दिसत नाही, तर काटा कुठला दिसायला! तो माझ्या शब्दावर खाली जातो. आणि आता खाली जाणार होता पथकातलाच पाणबुड्या, माझा धाकटा भाऊ.

मी टाक्या झाडाखाली नेल्या, ओलं गोणपाट गुंडाळलं आणि त्या गार होईपर्यंत हवा भरायचं मशीन बंद ठेवून बसले. पथकाचे साहेब तरातरा आले. "भीड़ देख रही हैं? भरिए जल्दी!"

भाऊही त्यांचीच री ओढायला लागला. "ताई, भर ना. सगळे बघतायत."

"बघू देत. तू गप बस."

साहेब पुन्हा ओरडले, तेव्हा माझंही डोकं फिरलं. "सर, जो नीचे है वो रुक सकता है। नीचे हवा खत्म हुई तो मेरा भाई नहीं रुक पाएगा।"

साहेबांची नजर माझ्या मागे गेली. मागे वळले तर त्या तरुणाचे वडील उभे होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. ते साहेबांना हात जोडून म्हणाले, "इसको मत डाँटिए, साहब। मेरा तो गया। इसका लौट आए।"

साहेबांचं ओरडणं मी पचवलं होतं, हे मात्र पचेना. डोळे पुसत टाकीला हात लावला. अजून कोमट होती. मी मशीन सुरू केलं नाही.