चौकातला गॉगलवाला

आता काय सांगू तुम्हाला, नोकरी लागायच्या आधी तिचा बॅनर लागला की माणसाचं काय होतं! हसू नका, आधी ऐका तर.

हिंगोलीच्या एका हळद कारखान्यात सुपरवायझरची जागा निघाली. मी इथं पुण्यात, बायको-लेकरू तिकडं आखाडा बाळापुरात. पोरगी मला व्हिडिओ कॉलवरच ओळखायची, पुढ्यात गेलो की रडायची! ही नोकरी मिळाली असती तर रोज संध्याकाळी घरी. म्हणून सुट्टी टाकून गेलो.

मुलाखत झकास झाली. साहेब म्हणाले, "बाळापूरचे का? मी नांदेडहून रोज तिथूनच येतो. आठवडाभरात कळवतो. नाहीच कळवलं तर एक फोन करा."

इतक्यावर गप्प बसावं की नाही? पण माझी जीभ! घरी येताच चुलतभावाला, गजाला म्हणालो, "झालंच समज!"

गजा खरंच तसं समजला. दुसऱ्या दिवशी चौकात हा एवढा बॅनर! 'मोठ्या कंपनीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मधोमध गॉगल लावून मी, खाली शुभेच्छुक म्हणून निम्म्या गावाची तोंडं.

मी तडक गजाला गाठलं.

"गजा, काढ आधी! साहेब रोज इथून जातेत. त्यायनी कळवायच्या आधीच आमी नाचून राहिलो, असं वाटंल ना त्यायला!"

"काहून काढू? खाली सरपंचाचा फोटो हाय, त्यायच्या साडूचा हाय. बॅनर काढला तर भांडणं लागतील गावात! अन् भेऊ नको, कंपनीचं नाव टाकलंच न्हाई. मला आठवलंच न्हाई."

नाव नाही म्हटल्यावर जिवाला जरा बरं वाटलं. पण रोज सकाळी साहेबांची पांढरी गाडी चौकात यायची, आणि मी भज्याच्या गाड्यामागं दडून बघायचो. एक दिवस गाडी थांबली की हो! साहेबांनी काच खाली केली, सगळा बॅनर वाचला आणि हसले. आता हे हसणं कसलं समजायचं?

आठवडा उलटला. फोन नाही.

बायको म्हणाली, "अवं, तुमीच फोन करा की. साहेबानंच सांगितलं ना?"

"अन् बॅनरचं विचारलं तर?"

भीतीपायी फोन काही केला नाही. शेवटी बायकोनं पिशवीत डबा घालून मला हिंगोलीच्या बसमध्येच ढकललं.

साहेब मला बघताच उठून उभे राहिले. "या, या! अभिनंदन!"

जीव भांड्यात पडला! म्हणालो, "सर, मग हजर कधी होऊ?"

"कुठं?"

"इथंच की, सर."

साहेब मटकन खाली बसले. "अहो, यादीत तुमचं नाव पहिलं होतं! पण बॅनर वाचला. म्हटलं, याला आपल्यापेक्षा मोठी कंपनी मिळाली. तुमचा फोनही आला नाही. परवाच दुसऱ्याला घेतलं."

सांगा, मी कुणाला बोल लावू?

म्हणून हा मी परत पुण्यात, तुमच्यात, ह्याच रूमवर. बॅनर अजून चौकातच आहे. सरपंचाच्या फोटोला हात कोण लावणार? काल बायको सांगत होती, पोरगी आता रडत नाही. रोज चौकात जाऊन गॉगलवाल्याला टाटा करते आणि सगळ्यांना सांगते, "माहे पप्पा इथंच कामाला हायेत!"