मामा म्हणाले, ‘खाली’

दुपारची सुट्टी चालू होती. मी धारला शाळेत गणित शिकवते. स्टाफरूममध्ये डबा नुकताच उघडला होता आणि देवासहून नितिनचा, माझ्या धाकट्या भावाचा, फोन आला. “ताई, मामा गेले. खुर्चीत बसल्या बसल्या.” माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, “आरसा कुठे आहे?” नितिन म्हणाला, “तसाच... भिंतीकडे तोंड करून.” आता महिना होईल, पण त्या प्रश्नाची मला अजून लाज वाटते.

मामा म्हणजे आईचे भाऊ. कारखान्यातल्या नोकरीसाठी नगरकडून देवासला आलेले फिटर. ड्यूटी सुटली की आखाड्यात मुलांना कुस्ती शिकवायचे. आमचे वडील लवकर गेले, आम्हा दोघांना मामांनीच वाढवलं. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, हे मी आजही कुणी न विचारता सांगते. मामा तर बसमधल्या अनोळखी माणसालाही सांगायचे.

कुस्त्यांच्या दंगलीत जोड लागायच्या आधी मामा दोन्ही पैलवानांकडे बघायचे आणि एकाबद्दल एवढंच म्हणायचे, “हा खाली.” तो हरायचा. नव्वदच्या दशकात, कॉलेजात असताना, मी त्यांची चूक पकडायला एक वही केली. टोंकखुर्दच्या दंगलीत एकदा त्यांनी सगळ्यांच्या लाडक्या, उंचापुऱ्या पैलवानाकडे बोट केलं. लोक हसले, माळवी हेलात ओरडले, “भिया, चष्मा बदलो!” तो पैलवान मातीत उतरला, सलामी दिली आणि... नुसता उभा राहिला. समोरच्याने त्याला अलगद, झोपलेलं लेकरू ठेवावं तसं पाठीवर ठेवलं. त्याचे डोळे उघडेच होते. मी वहीत बरोबरची खूण केली आणि का कोण जाणे, मला हात धुवावेसे वाटले. त्या वहीत चुकीची खूण कधी आलीच नाही. मी मनाची समजूत घालायचे: खाली म्हणजे खाली पडणार, जुन्या माणसाला अंगकाठीवरून कळतं, त्यात काय एवढं.

पुढे केबलवर परदेशातल्या लढती दिसायला लागल्या. ठोसे, लाथा, कुस्ती, सगळं एकत्र. नितिनला त्याचंच वेड लागलं. “पाठ टेकली तरी चालूच? कसला खेळ रे हा!” असं म्हणत मामाही शेजारी बसून बघायचे. शेवटी नितिनची पहिली लढत धारच्या एका हॉलात ठरली, कुक्षी गावच्या पोराशी. कपडे बदलायच्या खोलीत मामांनी पिशवीतून आपला पत्र्याच्या चौकटीचा दाढीचा आरसा काढून खिळ्याला टांगला, जरा केस विंचरले आणि स्टुलावर बसलेल्या नितिनच्या हातांना वाकून पट्ट्या बांधल्या. काम झाल्यावर उभे राहिले, आरशाकडे पाहिलं आणि पुटपुटले, “खाली.”

नितिनचा चेहरा उतरला. मी मामांचा दंड धरला. “मामा, त्याला लढू देऊ नका. हातपाय मोडून बसेल.” ते एवढंच म्हणाले, “लढू दे.”

पहिल्याच मिनिटाला नितिनची पाठ टेकली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा त्याने पाठीवर पडल्या पडल्याच त्या पोराची मान पायांच्या कात्रीत धरली होती, आणि तो पोरगा हात आपटून हार मानत होता.

रजा काढून मीही त्यांच्याबरोबर देवासला निघाले. बसमध्ये मी चढ्या आवाजात म्हटलं, “मामा, वहीतली पहिली चूक! खाली होता, तरी जिंकला.”

मामा हसले नाहीत. “ते खाली नाही गं, पोरी. हिंदीतलं खाली. रिकामं. घर खाली असतं ना, तसं. माणूस उभा दिसतो, आत कुणी राहत नाही.”

मामा घरी मराठी बोलायचे, आखाड्यात हिंदी. हा शब्द ते कुठला बोलतात, हे इतक्या वर्षांत मी विचारलंच नव्हतं. “मग... नितिन?”

“नितिन तर स्टुलावर बसला होता,” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. “आरसा माझ्या उंचीला होता.”

दुसऱ्या दिवसापासून ते आरसा भिंतीकडे वळवून, बोटांनी चाचपत दाढी करायला लागले. मामी ओरडायची, “अहो, गाल कापलाय!” “कुणाचा?” ते शांतपणे विचारायचे. मी त्यांना ओढत डॉक्टरकडे नेलं. सगळे रिपोर्ट चांगले आले. मी ते कागद त्यांच्यासमोर नाचवले, तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “शिकलीस ते बरं झालं.” त्याच आठवड्यात ते गेले.

पुढच्या महिन्यात नितिनची दुसरी लढत आहे. परवा मी देवासला गेले होते, तेव्हा सरावाला निघताना तो मामांच्या खोलीत थांबला. खिळ्यावरचा आरसा अजून तसाच आहे, आमच्याकडे पाठ करून. “ताई,” तो म्हणाला, “सरळ करून बघू का एकदा?”

मी वर्गात मुलांना सांगते की प्रत्येक गोष्टीला कारण असतं, ते शोधा. नितिनला मी म्हटलं, “स्टुलावर बस.” तो बसला. मी त्याच्या हातांना पट्ट्या बांधल्या, मामा बांधायचे तशा, अंगठ्यापासून सुरुवात करून. बांधून झाल्या, तरी मी वाकलेलीच राहिले... उभी राहिले असते, तर आरसा माझ्याच हाताशी होता.